मोरीचा वास

चहा पाजून तुमी दर बारीला हेच सांगायला लावता. माझ्या जिवावर येतं, पण ऐका.

निजामाच्या काळात लेव्हीवाले, म्हंजे सक्तीनं धान्य वसूल करणारे सरकारी लोक, घरात शिरून ज्वारी उचलून न्यायचे. म्हणून माझा मेव्हणा म्हणला, "दाजी, पेव घरातच खणा, मोरीला लागून. तिथं कोण हुंगायला येतं?" खणलं. वर्षाची ज्वारी जमिनीत पुरली अन् वरून सारवून टाकलं.

पावसाळ्यात घरात गटाराचा वास सुटला. घास तोंडाजवळ नेता येईना. मी बायकोवर खेकसलो, "मोरी घासत जा की!"

"हात सोलले माझे. अजून किती घासू?"

मग मी नाली उपसली, खापराची नळी बदलली. वास वाढतच गेला.

त्यातच लेव्हीवाले आले. उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावून "तौबा, चलो यहाँ से" म्हणले अन् गेले. मी लय खुश. बायको मात्र रडायलीय.

"आता काय झालं गं?"

"चार दिवस झाले, मोरीत पाण्याचा थेंब टाकला न्हाई मी. मोरी कोरडी हाय. मग वास कशाचा यायलाय?"

पेव उघडलं. मोरीचं पाणी झिरपून सगळी ज्वारी काळी पडून कुजली होती. सरकारला बी मिळाली न्हाई, लेकरांच्या पोटात बी गेली न्हाई. त्या साली आमी अंबाडीची भाजी उकडून खाल्ली.

ज्यानं जागा दाखवली तो दर दसऱ्याला येतो, पोटभर जेवतो. "चुकलं दाजी" एवढं अजून म्हणला न्हाई. तोच माझा मेव्हणा, वालूरचा धोंडिबा.