दुसरी श्रेणी

न्हाई मॅडम, तसं नका लिवू — ‘कल्पना साखरबाईंची’ असं नका लिवू. दोघींची म्हणा. नदीच्या ह्या अंगाला शिरूर तालुका, त्या अंगाला दौंड — हितल्या अंगणवाडीत मी, आन् तिकडं राहू गावच्या शिवारात झुंबरबाई. आमच्या वस्तीवरची माणसं दिवाळी झाली की पूल ओलांडून तिकडं गुऱ्हाळावर जायची, चार-पाच म्हैने, बारकी पोरं संगं घिऊन. पोराचं नाव हितं माझ्या वहीत, आन् पोर तिकडं. तिकडच्या वहीत नाव न्हाई, म्हणून तिकडं खायला न्हाई. दोन्हीकडं खिचडी शिजायची बगा, आन् पोर मधल्यामधी उपाशी. आता आम्ही वजनाचं कार्ड आईच्याच हातात देतो. जिथं जाईल तिथल्या बाईनं वजन करायचं, नाव कुठलं न इचारता जेवू घालायचं, आन् म्हैन्याला एक चिठ्ठी मच्छिंद्राच्या दुधाच्या टेंपोतनं धाडायची. सात गावं झाली — तीन हिकडची, चार तिकडची. ह्यात हुशारी काय हाय? काय न्हाई. पयल्यापासनंच करायला पायजे व्हतं.

कशावरनं सुचलं — व्हय, ते इचारलं न्हवं तुम्ही. नकुशीवरनं. ज्ञानू आन् धुरपदा म्हणून हायेत आमच्यात, धनगराची माणसं. ज्ञानूच्या बापापातूर मेंढरं व्हती, मग मेंढरं मोडली, खडकाळ रान केलं — त्यात पोट भागंना, म्हणून गुऱ्हाळ. ज्ञानू चुलवाणापाशी जाळ घालायचा, धुरपदा चिपाडं वाळत घालायची. नकुशी तिसरी पोरगी. नाव सासूनं ठिवलं, धुरपदा काय त्या नावानं हाक मारायची न्हाई, ती ‘माऊली’ म्हणायची. अडीच वर्सांची व्हती, पर बसवली तर बसायची, उठवली तर उठायची — रडायचीबी न्हाई जास्त. दोन हजार एक सालच्या दसऱ्याला मी तिला काट्याला टांगली, सात किलो चारशे. म्हंजी कुपोषणाची तिसरी श्रेणी. तिसऱ्या श्रेणीच्या पोराला दुप्पट खाऊ द्यायचा असतो, तो मी देत व्हते. धुरपदा समोर बसून भरवायची, बोटं चाटून घ्यायची तिची. पंधरा दिवसांत पोरगी जरा टवटवीत दिसायला लागली व्हती. खोटं न्हाई सांगत.

मग दिवाळी झाली, गेली ती तिकडं. धुरपदानं तिकडच्या अंगणवाडीत न्हेली पोरीला, तर झुंबरबाई म्हणाली, नाव न्हाई. तिचंबी चूक न्हाई — जेवढी नावं तेवढंच धान्य येतंय, एकाला वाढलं तर दुसऱ्याचं कमी. धुरपदा दोनदा गेली, दोनदा माघारी आली. पर झुंबरबाईला काय चैन पडंना. तिनं पोरगी बगितली व्हती न्हवं डोळ्यांनी. तिनंच मला चिठ्ठी धाडली, मच्छिंद्राजवळ. सगळे म्हणत्यात मी सुरू केलं — पयली चिठ्ठी तिची हाय. लिवलं व्हतं, ‘नकुशी ज्ञानू, तुमच्याकडं नोंद आहे का? श्रेणी कोणती? दुप्पट आहार लागत असेल तर तसं लिहून द्या, मी काहीतरी करते.’ पेन्शिलीनं लिवलेलं. आन् मी लगीच उत्तर दिलं, मच्छिंद्राला उभाच केला दारात. 

काय लिवलं? — लिवलं की, नोंद हाय. वजन आठ किलो दोनशे, दुसरी श्रेणी. दुप्पट लागत न्हाई.

न्हाई, तुम्ही बरोबर ऐकलं मगाशी. सात चारशेच व्हती. आता कसं सांगू — म्हैनाअखेर व्हती, वजनाचा तक्ता वर हापिसात द्यायचा व्हता, आन् गुऱ्हाळावर गेलेली पाच पोरं नदीपल्याड. तक्त्यातलं घर मोकळं ठिवलं की इचारणार, वजन का न्हाई केलं. आन् तिसरीतली पोरं तिसरीतच ऱ्हायली तरी बोलणी. मग मी पाचीजणांची वजनं बसून लिवली. थोडी थोडी वाढवून. आठ दोनशे म्हंजी नकुशी दुसरीत जाती बरोबर, मी तक्त्यावर बघूनच लिवलं. चार दिवसांनी ही चिठ्ठी. मच्छिंद्र टेंपो चालूच ठिवून उभा. वहीत एक आन् चिठ्ठीत दुसरं कसं लिवू? माझ्याच हातानं कसं लिवू? — तवा एवढा इचारबी केला न्हाई, खरं सांगती. वही उघडली, त्यात व्हतं ते उतरवलं.

पौषात गेली ती. हगवण लागली, दोन दिवस गुऱ्हाळावरच, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्हेताना वाटंत. वरवंडाच्या अलीकडं. मला आठ दिवसांनी कळलं, मच्छिंद्र कॅन उतरवता उतरवता बोलला.

शिमग्यानंतर धुरपदा आली हितं, नाव कमी करायला. मी म्हणलं बस, तर बसली न्हाई, दारातच उभी. मी पाणी दिलं. मला वाटलं रडंल, काय बोलंल. म्हणाली, “बाई, तुमचे उपकार हायेत. तुमची चिठ्ठी आली, मग त्या बाईंनी रोज एक वाटी दिली माऊलीला. एक वाटी तरी पोटात जाऊन गेली.”

एक वाटी. दुसऱ्या श्रेणीला एकच असती. मी वहीतलं नाव खोडलं, तिनं अंगठा दिला, गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले पुलापल्याड. झुंबरबाईच्या अंगणवाडीत. मला वाटलं व्हतं सांगावं, ते सांगायलाच गेले व्हते. तर मला बघूनच ती रडाय लागली — म्हणाली, मी दोनदा माघारी लावलं हो त्या लेकराला, माझ्यामुळं गेलं. आन् मी काय केलं? मी तिच्या पाठीवर हात ठिवला. मी म्हणलं, झुंबरबाई, झालं ते झालं, इथून पुढं असं करू. आन् मग कार्डाचं बोललो, चिठ्ठीचं बोललो, दोघींनी बसून गावांची नावं काढली. चांगलं झालं, न्हाई म्हणत न्हाई मी. त्या येळपासनं एकबी न्हाई गेलं पोर. तिसरीतली चढून दुसरीत आली, खरोखर काट्यावर आली. पर झुंबरबाई दर पौषात एक दिवस जेवत न्हाई. मला ठावं हाय, मी बघती.

तुम्ही आता तिकडंच जाणार न्हवं का? — व्हय, तिचंबी बोलणं घ्यायचं आसंल तुम्हाला. मग तिला सांगा, न्हाईतर नका सांगू. मी सांगन म्हणती, तीन वर्सं झाली म्हणती. दर म्हैन्याला भेटती मला. वजनाचं बोलतो आम्ही, खिचडीत शेंगदाणं घालायचं का, ते बोलतो.

असू दे. उठा मॅडम, जीप भरली की थांबत न्हाई ती. मलाबी दार लावायचंय.