गुरुवारचा बाजार आणि माझे एक खोटे वाक्य
सांगणार पुंडलिक नाना, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण सातवी, धंदा अर्जनवीस, बैठक धुळ्यास कचेरीबाहेर लिंबाखाली, मूळ गाव सोनगीरच्या पलीकडे. विषय, यंदा आषाढापासून गावात चालू असलेली पटकी. साक्षीदार भजीवाला दगाभाऊ, आणि माझी थोरली बहीण यमुनाअक्का, जी आता हयात नाही.

काय सांगू तुम्हाला, माझ्या अर्जाला साहेबसुद्धा मान डोलावतात, परंतु आज माझ्याने लेखणी धरवत नाही, म्हणून लिंबाखालचे माझे सोबती, तुम्ही लिहा, खाडाखोड न करता लिहा. वडील गेल्यावर अक्कानेच बाजारात मुरमुरे विकून मला शिकवले, ती अखेरपर्यंत मुरमुरेच विकत होती. पटकीने दोन माणसे गेली आणि गुरुवारचा बाजार बंद करण्याचा हुकूम निघाला. हुकूम योग्यच होता, परंतु बाजारावर पोट असलेल्यांनी काय खावे याची त्यात एक ओळ नव्हती. चार गुरुवार अक्काने काढले, मग माझ्याकडे आली, म्हणाली, भाऊ, रोगघाई मरसूत ते मरसूत, भूकघाई मराले लाज वाटस, लिही टाक कागद. म्हणजे रोगाने मरू तर मरू, भुकेने मरायची लाज वाटते.

आमच्या धंद्याची रीत अशी, की मागणीच्या आड येणारी गोष्ट अर्जात लिहायचीच नाही, लिहिली की कागद परत येतो; म्हणून मी लिहिले, गावात आजमितीस एकही रोगी नाही. अक्काच्याच गल्लीत दोन घरांनी दवाखान्याच्या गाडीच्या भीतीने आजारी माणसे दाराआड लपवली होती, हे मला ठाऊक होते. अंगठा देताना अक्का म्हणाली, भाऊ, त्या दोन घरंसनं काय? मी म्हणालो, अक्का, कागदातले तुला जास्त कळते का मला?

बाजार उघडला, मुरमुरे बठ्ठे, अगदी सगळे खपले, अक्का हसत घरी गेली, आणि तिसऱ्या दिवशी आडवी पडली. ट्रकमध्ये घालून धुळ्यास आणली, सलाइनसाठी शीर सापडेना, सापडली तोवर अक्का राहिली नव्हती.

अक्का गेली आणि बाजार पुन्हा बंद झाला. दगाभाऊ लिंबाखाली येऊन म्हणतो, नाना, तुना कागदघाई उघडना, तुना कागदघाईच बंद व्हयना, आते तूच सांग, पोरे काय खातीन? म्हणजे बाजार उघडला तो माझ्या कागदाने, आणि बंद झाला तोही माझ्याच कागदाने. उघडा म्हणावे तर अक्का डोळ्यांपुढे येते, बंद ठेवा म्हणावे तर दगाभाऊ समोर उभा.

सबब हा माझा स्वतःचा पहिला अर्ज, अंगठा कुणाचा नाही, सही माझी: रोग हटेपर्यंत बाजार बंद ठेवावा, तोवर बाजारवाल्यांस शिधा द्यावा, गावाची पाण्याची टाकी धुवावी. ते खोटे वाक्य माझे एकट्याचे, शिक्षा मला करावी, त्यापायी कुणाचा शिधा अडवू नये. उत्तर लेखी आणि त्वरित मिळावे ही विनंती. उद्या गुरुवार आहे, आणि दगाभाऊने भज्यांची कढई घासून ठेवली आहे.