सीटखालचा डग्गा

"आई हल्ली फोनवर सगळ्यालाच हो-हो म्हणते, एकदा जाऊन बघ," असं भाऊ म्हणाला, तेव्हा रेवतीने ते हसण्यावारी नेलं होतं. आज गाझियाबादला गाडीच्या सामानाच्या दुकानात, रिव्हर्स कॅमेरा बसेपर्यंत ती तान्ह्याला घेऊन बसली होती. शेजारी एक काका आणि त्यांची लेक दुकानदाराशी बोलत होते.

"भैया, गाने में डग्गा चाहिए."

"डग्गामारी? अंकल, वो सब पुलिस पकड़ती है."

"बाबा, बेस म्हणा, बेस! त्याला वाटलं आपण चोरून सवाऱ्या नेतो."

"हाँ भैया, बेस! पर डिक्की खाली रखना, इसकी माँ की व्हीलचेअर जाती है," काका म्हणाले.

"तो सीट के नीचे पतला वूफर लगा दूँ?"

"बिल्कुल. ड्रायव्हर के बाजूवाली."

"आईच्या सीटखाली? बाबा, तिला तर आता ऐकूच येत नाही म्हणता ना?"

"म्हणूनच तर. परवा सिग्नलला शेजारच्या गाडीत डग्गा घुमला, तर त्याचा हादरा जाणवून हिने मांडीवर ठेका धरला गं."

"पण माझ्याशी फोनवर तर बोलायची."

"बोलायची कुठे? हो-हो म्हणायची. ताप आलाय म्हणालीस, तेव्हाही 'हो का, छान' म्हणाली."

"आणि मी रागावून महिनाभर फोन केला नाही तिला."

"तिला वाटलं, तू कामात आहेस."

रेवतीने आईला लावायला घेतलेला फोन पर्समध्ये टाकला.

"भैया, कैमरा रहने दो, गाड़ी निकाल दो."

मयूर विहारमधलं आईचं घर तिथून अर्ध्या तासावर होतं.

तुमच्याही फोनवर कुणी सगळ्यालाच हो-हो म्हणत असेल, तर एकदा समोर बसून बोलून या.