इंदापूरची ड्युटी

(पणदऱ्यातलं घर. दुपार. केसरबाई खाटेवर, खाटेला टेकवून वॉकर. सून करुणा आणि मुलगा सुमित जवळ.)

केसरबाई : कुणाला इचारून न्हाय म्हणनार हायेस तू?

करुणा : आत्या, तुमी पडून ऱ्हावा बघू. अजून कुणाला कळवलं न्हाय. साहेब म्हणलेत संध्याकाळपतोर सांगा, सोमवारी हजर व्हायचंय.

केसरबाई : काय सांगनार?

करुणा : इंदापूरच्या एस्टी स्टँडवर कंट्रोलर म्हणून जाणं जमत न्हाय. हाय ती कंडक्टरकीच बरी.

सुमित : आई, मीच वहिनींना तसं सुचवलं.

केसरबाई : तू काल पुण्यावनं आलास, आन् आज सुचवाय बी लागलास व्हय?

सुमित : तुझ्याच काळजीनं ना! खुब्याचं ऑपरेशन झालंय तुझं. वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. वहिनी पहाटे इंदापूरला निघणार, दिवेलागणीला परत येणार. मधे तुला उठवणार कोण?

करुणा : बारामतीच्या जवळच्या फेऱ्या मागून घेते, आत्या. दुपारी येऊन जाता येईल.

केसरबाई : मग कंट्रोलरची परीक्षा कशापायी दिलीस? मी पुस्तक धरून प्रश्न इचारायची आन् तू भाकऱ्या थापत उत्तरं द्यायचीस. माझंच निम्मं पाठ झालं.

करुणा : तवा तुमी पडला नव्हता.

केसरबाई : मी पडले म्हणून तू बी पडायचंस का?

सुमित : कायमचं थोडंच आहे? पुढच्या वेळी परत संधी येईलच की त्यांना.

करुणा : पुढची जागा कवा निघंल ते कुणाला ठाव, भावजी? पण जाऊ द्या.

केसरबाई : जाऊ द्या, जाऊ द्या! मी बी असंच म्हणले हुते. सुमित, तुला ठाव न्हाय, तू झाला नव्हतास. सोमेश्वरनगरला बालवाडी निघाली, तितं मला बोलावलं हुतं. सातवी झालेली बाई आमच्या आळीत मी एकटी. पहिल्या दिवशी नेसायचं लुगडं धुऊन वाळत घातलं, आन् त्याच दिवशी तुझ्या आजीच्या अंगावरनं वारं गेलं. तुझ्या बापानं दारातनंच निरोप धाडला, ती येनार न्हाय म्हणून. मी चुलीम्होरं बसलेले. मला इचारलं बी न्हाय.

सुमित : हे कधी बोलली नाहीस तू.

केसरबाई : आजीचं सगळं मी केलं, त्याचं मला वाईट न्हाय. म्हातारी जीव लावायची. पण माझ्या वतीनं बोलला कोण? ज्यानं आईला एकदा पाण्याचा तांब्या दिला न्हाय, त्यो!

सुमित : बरं, मग वहिनींना जाऊ दे. पुण्यात एक चांगलं केंद्र आहे. नर्स असतात, व्यायाम करून घेतात. तिथं थोडे दिवस...

केसरबाई : हितनं मला कुणी हलवायचं न्हाय. तुझ्या भावानं बांधलेलं घर हाय. त्यो गेला, तवा त्याच्या पुण्यानुमोदनाला हिची माहेरची माणसं हिला न्यायला आली हुती. ही म्हणली, आत्याला सोडून येत न्हाय. तवा तू काय सुचवलं नव्हतंस.

करुणा : आत्या, ते कशाला आता?

केसरबाई : आताच. सुमित, तुझं हापिस कुठं हाय?

सुमित : सध्या घरूनच काम चालतं माझं.

केसरबाई : हे बी घरच हाय.

सुमित : म्हणजे?

केसरबाई : म्हणजे तू ऱ्हायचं. मी माझ्या पायावर चालस्तोवर.

सुमित : अगं, पिंकीची नोकरी तिकडं...

केसरबाई : तुझ्या बायकोला कोण बोलावतंय? तिनं तिची नोकरी करावी. मी तुला म्हणते.

सुमित : दिवसभर मीटिंगा असतात मला. इथं नेट धड चालेल की नाही...

करुणा : नेट चालतंय, भावजी. वरच्या आळीतली पोरं घरात बसून पुण्याची कामं करत्यात.

सुमित : प्रश्न नेटचा नाही, वहिनी. आईला न्हाणीत न्यायचं, अंघोळ, सगळं... मी मुलगा आहे. तुम्ही बाई आहात, तुम्हाला जमतं.

करुणा : बाई हाय म्हणून मला जमतं व्हय? पहिल्या दिवशी मला बी जमत नव्हतं. दवाखान्यात नर्सबाईनं शिकवलं, तवा आलं. तुमाला बी शिकवणार हुती ती. तुमी बाहेर फोनवर हुता.

सुमित : कामाचा फोन होता तो.

करुणा : माझं बी कामच हाय, भावजी. एवढे दिवस मी बोलले न्हाय.

केसरबाई : बोल की. आन् मला आता न्हाणीत जायचंय.

करुणा : चला, धरते.

केसरबाई : तू बस. सुमित, ऊठ.

सुमित : आई, आत्ता वहिनी आहेत ना इथं...

केसरबाई : सोमवारी ती नसनार. ऊठ, मला दम निघत न्हाय.

करुणा : भावजी, वॉकर म्होरं ठेवा. काखेत हात घालून ओढू नका. त्यांचा जोर त्यांना लावू द्या, तुमी पाठीशी ऱ्हावा नुसतं.

सुमित : असं? दुखतंय का गं?

केसरबाई : दुखतंय. चल.

करुणा : आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला.

सुमित : किती हलकी झालीस तू, आई.

केसरबाई : माझं वजन काय करतोस, उंबरा बघ.

सुमित : बघतोय. हं, टाक पाय. आई... आत गेल्यावर मी तोंड फिरवू का?

केसरबाई : फिरव की. लाज मला बी हाय. पण हात सोडू नको.

करुणा : बसवताना घाई नको, भावजी. दांडी घावली का त्यांना?

सुमित : धरलीय. बसली.

केसरबाई : करुणा!

करुणा : येऊ का, आत्या?

केसरबाई : येऊ नको. साहेबाला फोन लाव. मला हितं ऐकू आलं पायजे.

करुणा : भावजींनी अजून व्हय म्हणलं न्हाय.

केसरबाई : त्याला पुसायचं न्हाय. तुला काय पायजे ते बोल.

करुणा : मला जायचंय, आत्या. निकाल लागल्यापासनं जायचंय. स्टँडवर माईकम्होरं बसून गाड्या सोडायच्यात मला.

केसरबाई : मग लाव.

करुणा : हॅलो, साहेब? करुणा बोलते, कंडक्टर. व्हय, त्याचसाठी. सोमवारी इंदापूरला हजर हुते मी. न्हाय साहेब, घरातली अडचण हायेच. सासूबाईंचं चालू हाय अजून. पण येते. व्हय, नक्की. ठेवते.

सुमित : वहिनी...

करुणा : बोला.

सुमित : पिंकीला फोन करतो. माझे कपडे पाठवील ती. थोडे दिवस बघतो कसं जमतंय ते.

केसरबाई : बघतो न्हाय.

सुमित : राहतो, आई.

केसरबाई : आता उठव मला. हळू. गडबड न्हाय आपल्याला.