एकदाच सुटला

अरे, त्या दिवशी मला सासऱ्यांचा जो राग आला ना, काय सांगू! पुण्याहून आमच्याकडे जर्मनीला आले होते, म्हणून कौतुकाने आमच्या क्लबची अमेरिकन फुटबॉलची मॅच दाखवायला नेलं. मी लाइनमध्ये असतो. समोरून अंगावर धावून येणारे धिप्पाड गडी मी थोपवून धरायचे, तेवढ्यात आमचा क्वार्टरबॅक यान बॉल फेकणार आणि रिसीव्हर तो पकडणार. सगळी मॅच मी थोपवत होतो. एकदाच, फक्त एकदाच, एक जण माझ्या हातून सुटला आणि त्याने यानला आडवा केला.

तरी मॅच आम्हीच जिंकलो. सासऱ्यांनी यानशी हात मिळवला, रिसीव्हरची पाठ थोपटली, मग माझ्याकडे वळून म्हणतात, "जावईबापू, हा यान मघाशी आडवा पडला, तो तुमच्यामुळेच ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो बाबा, तुम्ही तीस वर्षं पाणी खात्यात होतात. रोज नळाला पाणी यायचं, तेव्हा कुणी कधी आभार मानले तुमचे?"

"आभार? छे! एक दिवस पाणी आलं नाही की मात्र दारात येऊन शिव्या द्यायचे, कृतघ्न लेकाचे!" ते इतक्या वर्षांनीही तेवढेच भडकले.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी म्हटलं. "मग आज तुम्ही काय केलंत?"