खिडकीजवळचा चौकोन

त्या खिडकीजवळच्या चौकोनात काय येणार होतं, एवढंच मला कुणीतरी सांगा. बाकी काही नको. आख्खं ऑफिस मी एका इमारतीतून उचललं आणि दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवलं, एक पेपरवेट इकडचा तिकडे झाला नाही, पण हा प्रश्न विचारला की जो तो माझ्याकडे असा बघतो जशी काही मी त्याची किडनी मागितलीय...

नाही, उठू नका. तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो. आम्ही ऑफिसं हलवतो. म्हणजे दादा हलवायचा, मी उचलायचो. फरक आहे. उचलायला पाठ लागते, हलवायला डोकं लागतं, आणि आमच्या घरात ते एकच आलं होतं, थोरला म्हणून त्याला मिळालं. शाळा मात्र दोघांची सारखीच, म्हणजे जवळजवळ नाहीच. मास्तर आम्हाला बघून विचारायचे, "आज काय हरवलं म्हणून आलात?"

दादाची एक पद्धत होती. नव्या जागेत आधी एकटा जायचा, खिशात खडू, हातात टेप, आणि रिकाम्या फरशीवर प्रत्येक टेबलाचा, प्रत्येक कपाटाचा चौकोन आखायचा, अगदी मापात. आता लिहायचं आमचं वाकडं, त्यामुळे चौकोनात नाव नाही, चित्र. ज्याचं टेबल, त्याचं चित्र. जुन्या ऑफिसात जाऊन तेच चित्र टेबलाच्या पोटाखाली काढायचं. मग काय, ट्रक रिकामा झाला की चित्राला चित्र जुळवा, टेबल ठेवा आणि भोवतीची रेघ ओल्या फडक्याने पुसा. शेवटची रेघ पुसली की काम संपलं. तोवर नाही. तोवर चहासुद्धा नाही. साहेब लोक दारात उभे राहून नखं खात असायचे, "अहो, सोमवारी सगळं चालू होईल ना?" आणि दादा हात झटकायचा, खडूची पांढरी धूळ उडायची, म्हणायचा, "काळजी नको, सगळं ठरलेलंय."

बरं, हे ऑफिस कुणाचं, तर दुकानांना औषधं पोचवणाऱ्यांचं. दुकानवाला फोन करतो, हे औषध धाडतात. म्हणजे फोन बंद राहिला तर कुठेतरी कुणीतरी गोळीची वाट बघत बसणार. दादाने गुरुवारी सगळी नवी जागा आखली, घरी आला, वहिनी म्हणाली आधी हात धुवा, तो म्हणाला धुतो, जरा टेकतो... आणि टेकला. डॉक्टर आले तेव्हा बोटांना खडू तसाच होता.

ते असू द्या.

साहेबांचा फोन आला, इतक्या हळू आवाजात की मला वाटलं रेंज गेली. "आपण पुढे ढकलूया का?" समोर वहिनी बसलेली, तिच्या शेजारी तिचा भाऊ. त्या भावाने ट्रक विकायचा विषय तेव्हाच काढला होता. काळजीनेच काढला असेल, पण बोलला काय, "ताई, पोरगं चांगलं आहे, पण त्याला नुसतं उचलता येतं. ऑफिस हलवणं त्याच्या हातचं नाही." आता हे कुणी माझ्यासमोर बोलावं? राग आला की माझं तोंड पुढे जातं आणि मी मागून पोचतो. फोनमध्ये सांगून टाकलं, "साहेब, काळजी नको, सगळं ठरलेलंय." बोललो मी, आवाज त्याचा. वहिनीने मान वर करून बघितलं. मग म्हणाली, "हे एक काम होऊ दे. ट्रकचं त्यानंतर बघू."

झालं. शनिवारी लागलो की कामाला, आणि तुम्हाला सांगतो, काय काम केलं! ट्रक मागे घेतला तो एका झटक्यात, लिफ्टवाल्याला आधीच मामा म्हणून टाकलं, चित्राला चित्र, चित्राला चित्र, धडाधड. फोन घेणाऱ्या ताईंचा कान, कॉम्प्युटरवाल्याचा झोपलेला माणूस, आणि साहेबांचा एक मोठा गोल, त्यावर उभे तीन केस. साहेब स्वतः त्या चौकोनापाशी येऊन थांबले. "हे काय आहे?" मी म्हटलं, "अंडं आहे, साहेब. नाजूक सामानाची खूण." साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे गेले.

एक अडलं. दाराशेजारी एक लहान चौकोन, त्यात दोन गोल आणि मध्ये रेघ. मी म्हटलं चष्मा. चष्मा कुणाला, तर हिशेबाच्या बाईंना. त्यांचं टेबल म्हणजे टेबल नाही, जहाज आहे, आणलं उचलून, तर ते निम्मं दारात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माप चुकलं. पण दादाचं माप चुकत नाही. मग चुकीचं काय उरलं? दार. स्क्रू काढले आणि दार उतरवून भिंतीला उभं केलं. टेबल बसलं. नुसतं बसलं नाही, आता तिथून कुणी आत येऊ शकत नव्हतं, पण बसलं. आणि तिकडे केबिनजवळच्या मोठ्या चौकोनात शिपाईमामांचं एवढंसं टेबल. मामा त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरत होते, मला म्हणाले, "एवढी जागा मला माझ्या घरात नाही रे. पुसून टाक लवकर रेघ, कुणाचं मन बदलायच्या आत."

बाई आल्या. दार बघितलं, दाराची जागा बघितली, मग खाली वाकून त्या दोन गोलांकडे बघत बसल्या. "हे मी?"

"चष्मा आहे ना, बाई."

"अरे बाळा, चष्म्याला घंटी असते का?"

बघितलं तर बारीकशी घंटी. सायकल होती. मामा सायकलवर येतात. खरा चष्मा केबिनजवळ, त्यावर मामा उभे होते. जहाज परत उचललं, दार परत बसवलं, मामांना समजावलं, ते सगळ्यात जड गेलं. पण सोमवारी सकाळी, तुम्हाला सांगतो, पहिला फोन वाजला, ताईंनी उचलला, दुसरा वाजला, उचलला, साहेब केबिनमधून बाहेर आले, हसत होते, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शाब्बास. झालं ना सगळं?"

मी म्हटलं, "एक राहिलाय."

खिडकीजवळचा. चांगला मोठा, ऐसपैस, उजेडातला चौकोन. आणि आत चित्रच नाही! ट्रक रिकामा, जुनं ऑफिस रिकामं, आणि हा चौकोन आपला आ वासून बसलाय. काय येणार होतं इथे? साहेब म्हणाले, "सोफा असेल, मी सोफ्याचं एकदा बोललो होतो." कॉम्प्युटरवाला म्हणाला, "झेरॉक्सचं मशीन." बाई म्हणाल्या, "माझं दुसरं कपाट, अजून काय." मामा सरळ खुर्ची घेऊन आत येऊन बसले. अहो, जागा कुणाला हवीय ते मी विचारलंच नव्हतं, दादाच्या मनात काय होतं ते विचारलं होतं!

मग मी तो चौकोन दोरी लावून बंद केला. हसू नका. दुसऱ्या दिवशी गेलो तर झेरॉक्सचं मशीन आत. काढलं बाहेर. त्याच्या पुढच्या दिवशी कपाट. काढलं. साफसफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या, मी म्हटलं मावशी, एवढा भाग सोडून. रोज सकाळी जायचो, दुपारपर्यंत तिथेच. त्यांना वाटलं मी फर्निचरबरोबर आलोय. चहा पण द्यायला लागले, मी घेतला नाही, काम संपलेलं नव्हतं ना. साहेब एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, असं असेल की दादांनी चुकून..."

"दादाचं माप चुकत नाही, साहेब."

"चुकलं म्हणत नाही रे मी."

मग काय म्हणत होते?

शेवटी वहिनी आली. पायरीवरूनच आवाज, "भाऊजी, ट्रक खाली तसाच उभा आहे, दुसऱ्या ऑफिसवाल्यांनी फोन करकरून माझं डोकं खाल्लंय, या साहेबांनीच तुमचं नाव सांगितलं म्हणे त्यांना, आणि तुम्ही इथे फरशी राखत बसलात?"

"काम संपलं नाही, वहिनी. एक राहिलाय."

तिने बघितलं. दोरी बाजूला करून खाली बसली. आख्खं ऑफिस टाइप करायचं थांबलं. तिने रेघेच्या कडेकडेने बोट नेलं, रेघेला लावलं नाही, आणि खिडकीकडच्या बाजूला थांबली. "इथे वाकडी झालीय."

खरंच झाली होती. एवढे दिवस मी राखत बसलोय आणि मला दिसली नव्हती.

"हात थकला असेल त्यांचा," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुला काही बोलला होता? इथे काय येणार होतं?"

"मला छातीत दुखतंय हे सांगितलं नाही त्यांनी, भाऊजी. चौकोन कुठले सांगतायत."

मग उठली, पदराने नाक पुसलं, आणि ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी ट्रकपाशी थांबते. उशीर करू नका, मला घरी पण काम आहे." आणि गेली.

बाईंनी फडकं ओलं करून आणून दिलं, मी मागितलं नव्हतं. पुसलं. तीन बाजू भराभरा पुसल्या. वाकडी रेघ जरा हळू. फोन वाजत होता, कुणी उचलेना, मी म्हटलं ताई, उचला, कुणाचं तरी औषध असेल.

साहेब म्हणाले, "मग... आता इथे काय ठेवायचं?"

माझ्या तोंडात तेच आलं होतं हो, सवयीने. काळजी नको, सगळं... पण फडकं पिळलं आणि म्हटलं, "काही ठरलेलं नाही, साहेब. तुम्ही सांगा, मी उचलून देतो."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाईंकडे बोट दाखवलं. मग त्यांचं ते दुसरं कपाट पाठीवर घेतलं, खिडकीपाशी नेलं, ठेवलं. जिथे रेघ होती, तिथून चार बोटं बाहेर राहिलं.

दादाचं माप चुकत नाही. कपाट चुकलं.