पट्टीच्या अलीकडे

(नाशिक. भर दुपार. एक आडरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथला सिग्नल. पांढऱ्या पट्टीच्या बऱ्याच अलीकडे, कडुलिंबाखाली, स्कूटरवर नवरा-बायको.)

सुवर्णा : अजून लालच! अहो, बिघडलाय मेला!

कुंदन : बिघडलेला नाही. मोठ्या रस्त्याला हिरवा आहे की.

सुवर्णा : मघापासून त्यांनाच आहे! आपण काय इथे संसार थाटायचा? मंजूची गाडी सुटेल देवळालीहून. एकदा आसामला गेली की कधी दिसणार पोरगी?

कुंदन : ओरडू नकोस. येईल आपला नंबर.

सुवर्णा : रस्ता रिकामा पडलाय. तोडा ना एकदा!

कुंदन : मी सिग्नल तोडत नाही.

सुवर्णा : माहितीये! नियम म्हणजे नियम. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं, दार बंद. फौजी जावई पाया पडायला आला, तर तुम्ही पेपरात डोकं घालून बसलात.

कुंदन : आज निघालोय ना?

सुवर्णा : निघालात, आणि सावली बघून थांबलात!

कुंदन : ऊन बघ केवढं. तुझंच बीपी...

सुवर्णा : माझ्या बीपीचं नाव काढू नका!

इसाक : ओ काका! मागं रिक्षा आहे माझी. पुढं घ्या ना, पट्टीवर! बाजूला खोदून ठेवलंय, मला निघता येईना.

कुंदन : लाल आहे, दिसत नाही?

इसाक : लालच राहणार! खांबावर नवा कॅमेरा बसवलाय. पट्टीजवळ गाडी दिसली, तरच या रस्त्याला हिरवा देतो. तुम्ही झाडाखाली! त्याला वाटतं, इकडं कुणी नाहीच.

सुवर्णा : ऐकलंत? एवढा वेळ उभे, आणि त्याच्या लेखी कुणीच नाही! मंजूच्या लग्नातही असंच केलंत. हॉलसमोरच्या टपरीआड उभे होतात.

कुंदन : तुला कुणी सांगितलं?

सुवर्णा : चंदरभावजींनी. पोरगी मात्र आजही म्हणते, बाबा आलेच नाहीत.



इसाक : काका, घेताय ना?

कुंदन : घेतो बाबा. सुवर्णा, पदर सांभाळ. डोक्यावर घे, ऊन लागेल.

सुवर्णा : लागू दे... थांबा, तिचाच फोन! हॅलो मंजू? हो गं, निघालेय. नाही, रिक्षा नाही केली... अहो, विचारतेय, कोण सोडतंय. काय सांगू?

इसाक : झाला हिरवा! चला, चला!

कुंदन : सांग, तुझे बाबा. आणि म्हणावं, डब्याच्या दारात थांब. मी पुढे येतो.